सोमवारचं मैदान

भूम
बुधवार, १४ नोव्हेंबर १९८४

गुलाबदादास सप्रेम जय भीम.

अक्षर माझं असलं तरी पत्र आईचं आहे. ती सांगते तसं लिहिते.

"कार्ड पावलं म्हनावं. माझं गुडघं बरं हायेत. हितं हिरी आटल्या, टँकर येतो येक दिसाआड. म्या रोजगार हमीवर जाते, पाझर तलावाच्या कामाला. आन् त्याला इचार, चाळीस बाप्ये मिळून एवढुशा बिळात चेंडू घालत्यात आन् लोक टाळ्या वाजवत्यात, हे खरं का? आमी बायका दिसभर खड्डं खांदतो, आमाला कुनी टाळ्या वाजवंना."

हे सांगताना ती हसत होती. तेही लिही म्हणाली.

तुझ्या खेळाचं मी तिला असं समजावलं आहे: बहात्तरच्या दुष्काळात तू पुण्याला गेलास, गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांच्या पिशव्या उचलायला लागलास. त्या कामाला कॅडी म्हणतात. पिशव्या उचलता उचलता खेळ शिकलास. आता या हिवाळ्यात तुझ्यासारख्या नव्या व्यावसायिकांच्या सहा स्पर्धा आहेत, वेगवेगळ्या गावी. मार्चमध्ये सहावी झाली की चाळीसपैकी पहिल्या सहा जणांना मोठ्या स्पर्धांत प्रवेश मिळतो. बाकीच्यांनी पुन्हा पिशव्या उचलायच्या. यात काही चुकलं असेल तर आईच्या कार्डात दुरुस्त कर.

इथून पुढचं माझं.

बापू गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू मला एक ओळही लिहिलेली नाहीस. त्याबद्दल मी काही विचारत नाही. पण तुझी कार्डं आईला मीच वाचून दाखवते, म्हणून ती माझ्या हातात येतात. माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत दिवसभर मोजमाप करते, ती सवय घरीही सुटत नाही. तुझं सहा ऑक्टोबरचं कार्ड नेहमीच्या अक्षरात आहे. तेवीस ऑक्टोबरच्या कार्डात शिरोरेषा तीन ठिकाणी तुटली आहे आणि वेलांट्या फाटल्या आहेत. दोन्ही कार्डं "झाडाखाली बसून लिहितो" असं तूच म्हटलं आहेस, तेव्हा बसचे हादरे हे कारण नाही.

हात थरथरतो का? घाम नेहमीपेक्षा जास्त येतो का? डोळ्यांपुढं धूसर होतं का? उत्तर आईच्या कार्डात दिलंस तरी चालेल. कार्डावर तारीख आणि वार घालायला विसरू नकोस.

विशाखा


भूम
रविवार, ९ डिसेंबर १९८४

गुलाबदादास सप्रेम जय भीम.

आई बरी आहे. तुझी दोन्ही कार्डं पोचली. पहिल्यात तू लिहिलंस, "वाचनारीला सांग, मास्तरीन होऊ नको." आईनं विचारलं, वाचनारी कोण? मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, "नाव टाकलंय का त्यानं तुजं?" मी पुढचं वाचलं.

पहिल्या स्पर्धेत तू एकोणिसावा आलास. तुझ्याच शब्दांत: "लांबचा फटका झकास जातोय. पन होलाजवळ आलं की पाच फुटावरनं चेंडू नुसता ढकलायचा असतो, शेंबडं पोर ढकलंल, तितं हात उडतो. गुंडाप्पा उस्ताद म्हनतो, ही भीती हाय, मोठ्या मोठ्या खेळाडूंना व्हती. भीती हातात नसती, पोटात असती."

गुंडाप्पा उस्तादांनी तुला बारा वर्षं शिकवलं आहे. ते म्हणतात तसा भीतीचा आजार या खेळात असेलही. मी खेळातलं सांगत नाही. पण त्याच कार्डाच्या कडेला तू लिहिलंस, "तोंडाला सारकं पानी सुटतं, पोटात मुरडा येतो." ते मी दोनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं नाही.

भीतीनं तोंड कोरडं पडतं.

विशाखा


भूम
गुरुवार, १० जानेवारी १९८५

गुलाबदादास सप्रेम जय भीम.

आईचं आधी. "तिसरा आला म्हनून शेजारच्या गिरिजाबाईला सांगितलं. ती म्हनली, कितीत तिसरा? म्या म्हनलं, चाळीसात. मंग गप बसली." आणि संक्रांतीचे तिळगूळ ती करणार नाही. बापू गेल्यापासून करत नाही. ते लिहू नको म्हणाली होती.

आता माझं. जूनपासून आलेली तुझी अकरा कार्डं मी तारखेप्रमाणे लावली. प्रत्येकापुढं वार लिहिला, तू कुठल्या गावी होतास ते लिहिलं आणि अक्षर कसं आहे ते लिहिलं. मंगळवारी आणि बुधवारी पुण्याहून लिहिलेली चार कार्डं फाटक्या अक्षरात आहेत. शुक्रवार-शनिवारची तीन चांगली आहेत. बाहेरगावी दौऱ्यावर असताना लिहिलेली चारही चांगली आहेत, वार कुठलाही असो. नागपूरकडं आणि तिकडून पुढं तू अठरा दिवस होतास, त्यात एकदाही हात उडाला नाही. तिसरा आलास तो त्यातच. पुण्याला परतलास आणि एक जानेवारीच्या मंगळवारी पुन्हा "साल बदललं, हात त्योच" असं लिहिलंस.

भीती असती तर ती स्पर्धेच्या गावी जास्त वाटली असती. तुझी भीती घरच्या मैदानावर येते, आठवड्याच्या सुरुवातीला येते आणि शनिवारपर्यंत निघून जाते.

सोमवारी पुण्याच्या मैदानावर काय होतं? बारीकसारीक सगळं लिही. तुला त्यात काही विशेष वाटत नसेल तर तेच आधी लिही.

विशाखा


भूम
रविवार, ३ फेब्रुवारी १९८५

दादा,

तुझं कार्ड काल दुपारी आलं. मी प्रयोगशाळेत उभ्यानंच वाचलं.

मी काही चुकीचं वाचत नाही ना, म्हणून तुझी वाक्यं इथं उतरवते. "सोमवारी क्लब बंद. साहेबलोक येत न्हाईत. म्हनून त्या दिशी कॅडींना खेळाया मोकळीक. आमी सगळे तितंच शिकलो, सोमवारा-सोमवारानं. माळीलोक बी त्याच दिशी हिरवळीवर औषध मारून घेत्यात, साहेबलोकांच्या नाकाला वास नको. ते म्होरं फवारत जात्यात, आमी मागनं खेळत जातो. अनवानी. बूट स्पर्धेला जपून ठेवलेत. चेंडूला चिखल लागला की साहेबाचा फडक्यानं पुसायचा, आपला जिभंनं. चाटला की कसा लखलखतो! हे बी लिहू का आता, वाचनारीबाई?"

फार बरं केलंस लिहिलंस.

माळ्याच्या डब्यावर खाली लाल त्रिकोण आणि कवटी आहे का, ते पाहा. डबा हातात घेऊ नकोस. लाल त्रिकोण असेल तर ते आमच्याकडं द्राक्षाला आणि कापसाला मारतात त्या जातीचं विष आहे. ते कातडीतून आत जातं, जिभेवरून तर लगेच. एका दिवसात माणूस पडेल इतकं तुझ्या अंगात जात नाही, म्हणून तू चालतो-बोलतो आहेस. पण दर सोमवारी थोडं जातं, आधीचं भरून निघायच्या आत पुन्हा जातं. एखाद्या सोमवारी नेहमीएवढंच जाईल आणि तेवढंच पुरेल. तो सोमवार कोणता, हे मला मोजता येत नाही.

सोमवारी मैदानावर जाऊ नकोस. चेंडू चाटू नकोस, चेंडू ठेवायची लाकडी खुंटी दातात धरू नकोस. त्या दिवशीचे कपडे वेगळे धू. संध्याकाळी मंद उजेडात आरशात डोळे पाहा. बाहुली ज्वारीच्या दाण्याएवढी दिसली पाहिजे. मोहरीएवढी दिसली तर त्याच पावली मोठ्या इस्पितळात जा आणि "फवारणीचं औषध अंगात गेलंय, रक्त तपासा" असं म्हण. त्यावर इंजेक्शन आहे. बाकीच्या कॅडींनाही सांग.

क्लबच्या सेक्रेटरींना मी इंग्रजीत रजिस्टर पत्र पाठवलं आहे. पोच आली आहे, उत्तर नाही.

आईला यातलं काही वाचून दाखवलेलं नाही. तिला मी सांगितलं, गुलाब पाचव्या नंबरावर आहे आणि बरा आहे. पहिलं खरं आहे.

विशाखा


भूम
शनिवार, २ मार्च १९८५

दादा,

डब्यावर लाल त्रिकोण आहे आणि तू अजून सोमवारी खेळतोस. पाचव्याचा सातवा झालास. शेवटची स्पर्धा एकवीस मार्चपासून तुमच्याच मैदानावर आहे, आणि तू सभासद नसल्यामुळं सरावाला तुला फक्त सोमवार मिळतो. हे सगळं मला समजलं. एका जागेसाठी तू आणखी तीन सोमवार त्या हिरवळीवर जाणार आहेस.

आणि तू लिहिलंस, "वाचनारीला इचार, बापूला ऊन आन् मला औषध व्हय? बापू तीन दिस औषधात भिजला तवा तुजा लाल तिरकोन कुठं व्हता?" आई समोर बसली होती. मी ते वाक्य गाळलं. गाळताना थांबले असेन, कारण तिनं विचारलं, "काय झालं? अक्षर लागंना व्हय?"

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. ते दिल्याशिवाय तू माझ्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नाहीस, हे मला नोव्हेंबरमध्येच कळायला हवं होतं. कळलं होतं.

सतरा एप्रिल १९८३, रविवार. मी सुटीला तामलवाडीच्या आपल्या जुन्या घरी होते. बापू तीन दिवस महालिंगप्पांच्या द्राक्षबागेत फवारणी करत होते. दुपारी एकच्या सुमारास दोन गड्यांनी त्यांना धरून आणलं. पडवीत निजवलं. आई म्हणाली, ऊन लागलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कारण तिथं शिकलेली मी एकटी होते.

मी त्यांचा डोळा उघडून पाहिला. बाहुली मोहरीएवढी होती. उन्हातून आलेत म्हणून, असं मी मनाशी म्हटलं. पण पडवीत सावली होती आणि त्यांना येऊन दहा मिनिटं झाली होती. लाळ गळत होती. पापण्या फडफडत होत्या. घाम एवढा की मी अंग पुसायचा पंचा तीनदा पिळला. ऊन लागलेल्या माणसाचं अंग बहुधा कोरडं तापतं. बापूंचं अंग गार होतं. औषधाच्या विषबाधेची लक्षणं, हा आम्हाला त्याच वर्षी परीक्षेत आलेला प्रश्न होता. मला त्यात पूर्ण गुण आहेत.

महालिंगप्पांचा द्राक्षांचा टेंपो रस्त्यावर उभा होता. ते स्वतः धावत आले, म्हणाले, "उचला, सोलापूरला नेतो." मी म्हटलं, "हलवू नका. ऊन लागलंय. सावलीत पडू द्या." ते माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठे, तरी माझं ऐकून मागं सरले. आम्ही कांद्याचा रस चोळला. सोलापूर पाऊण तासावर. इंजेक्शन तिथं होतं.

मी तसं का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला दुसरं नाव सुचलं नव्हतं असं नाही. ऊन लागलेला माणूस संध्याकाळपर्यंत उठून बसतो, पाणी मागतो. मला बापूंना तो आजार झालेला हवा होता. एकदा तोंडातून ऊन हा शब्द गेल्यावर मी दर अर्ध्या तासानं तोच पुन्हा म्हटला.

दिवेलागणीला ते गेले. डोळे मिटायला मी वाकले तेव्हा पडवीत अंधारून आलं होतं. बाहुल्या तेवढ्याच बारीक होत्या.

मृत्यूच्या दाखल्यावर उष्माघात लिहिलं. मी वाचलं, घडी घातली, पेटीत ठेवला. तू तिसऱ्या दिवशी आलास आणि चुलीपाशी मला विचारलंस, "एवढी शिकलीस, आन् बापू उन्हानं मेला म्हनतीस?" मी हो म्हटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू मला क्षमा करावीस म्हणून लिहीत नाही. तुझ्या कार्डांत लाळ, घाम, थरथर, धूसर डोळे अशी एकेक खूण येत गेली, आणि या वेळी मी ऊन म्हणणार नाही, एवढं तुला कळावं म्हणून लिहिते. मला भीती वाटते. पोस्टमन दिसला की आधी त्याच्या हातात तारेचा कागद आहे का ते पाहते. मंगळवारी माझ्या हातून दोन काचनळ्या फुटल्या.

मी रजा घेऊन पुण्याला येऊ शकते. तू दार उघडशील का, ते कळव.

विशाखा


भूम
शुक्रवार, १५ मार्च १९८५

दादा,

तुझं पाकीट बुधवारी आलं. दोन वर्षांनी माझ्या नावावर तुझं अक्षर. आत तीन ओळी होत्या. "आईला सांग. तुज्या तोंडानं, वाचून न्हाय. सांगितलंस तर म्या अठरा तारखेला मैदानात जात न्हाय, रक्त बी देतो. न्हाय सांगितलंस तर माजं म्या बघतो."

चार मार्चच्या सोमवारी तू गेला होतास, हे पाकिटावरच्या पत्त्याच्या अक्षरावरून दिसतं; अकरालाही गेलाच असशील. 'भूम'मधला 'भ' मला लागला नाही. पोस्टमनला लागला.

काल सकाळी मी आईला सांगितलं. ती कामावर निघण्याआधी ज्वारी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तिचा सुपातला हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाली,

"टेंपो उभा व्हता तवा."

"होता."

"महालिंगप्पा न्हेतो म्हनला व्हता."

"हो."

"आन् तू नगं म्हनलीस."

"मी नको म्हटलं."

तिनं सूप ठेवलं, भाकरी फडक्यात बांधली आणि कामावर गेली. मी प्रयोगशाळेत गेले. दिवसभरात नऊ नमुने तपासले. आज सकाळी ते सगळे पुन्हा करावे लागले.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, आणि उशाखालचं बोचकं उघडलं. त्यात बापूंचा सदरा होता. त्या रविवारी अंगात होता तोच. मला वाटत होतं तो त्यांच्याबरोबर गेला. तिनं तो काढून ठेवला होता, आणि या दोन वर्षांत एकदाही धुतला नव्हता. रोज उशाला घेऊन निजते. मी शेजारीच निजते, आणि मला माहीत नव्हतं.

तिनं तो माझ्या नाकापुढं धरला. "म्या धुतला न्हाय. त्याचा वास जाईल म्हनून. आता तू शिकलेली हायेस, तू सांग. ह्यो वास त्याचा हाय का औषधाचा?"

मी हुंगलं. घाम आता राहिलेला नव्हता. शिळ्या लसणासारखा वास होता. तो मला ओळखता येतो, प्रयोगशाळेशेजारच्या औषधांच्या गोदामात रोज येतो.

दादा, खोटं बोलणं अगदी सोपं होतं. तिला काय ऐकायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "औषधाचा."

तिनं सदरा बोचक्यावर ठेवला. मी तिचे हात साबणानं तीनदा धुतले. तिनं धुऊ दिले, पण मी डोळे पाहायला गेले तेव्हा म्हणाली, "माझं डोळं बघू नगो. तू डोळं बघितल्यालं बास झालं." सदरा रबरी मोजे घालून डब्यात बंद केला आहे. उद्या गावाबाहेर चुना घालून पुरेन. ती सोबत येणार की नाही, सांगत नाही. काल रात्रीपासून माझ्याशी बोललेली नाही. तुझी अट पुरी झाली आहे एवढंच मला त्यात दिसतं, आणि ते पुरे आहे.

पोस्टानं हे पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही. उद्या सकाळच्या पुणे गाडीचे कंडक्टर बिराप्पा ते घेऊन येतील. स्टँडवर गुंडाप्पा उस्तादांनी घ्यावं म्हणून त्यांना तार केली आहे. उस्तादांनाही माझ्या वतीनं सांग की त्यांचं शिकवणं चुकलेलं नाही. एक सोमवार गेला म्हणून तू सातव्यावर राहिलास, तर तो दोष माझ्याकडं लाव. मला सवय होईल.

पत्र लिहिते आहे हे पाहून आई आत्ता दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझं लिही." तिनं सांगितलं तसं लिहिते.

"त्याला म्हनावं, चेंडू बिळात जाऊ दे न्हाय तर चुलीत जाऊ दे. पन तुजा सदरा मला उशाला घ्याया लावू नगो."

विशाखा